उसाच्या पट्ट्यात डिस्कस

८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीत १,७०० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच १७ क्विंटल. १९ मिलिमीटर जाडीची काच साडेतीन क्विंटलच्या घरात जाते. वर वाळू, दगड, लाकूड आणि खालचा लोखंडी घोडा. माझ्या पुतण्यानं कागदावर बेरीज केली तेव्हा आकडा अडीच टनांना टेकला. बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगरच्या अलीकडे आमची वस्ती. ऊस, थोडं डाळिंब आणि दोन बोअर असलेलं घर. पुतण्या एमआयडीसीत नोकरीला लागला आणि विचारू लागला, "काका, बैठकीतली पूर्वेची भिंत मोकळीच आहे ना?" त्या भिंतीला त्याला ॲमेझॉन खोऱ्यातले डिस्कस मासे पाळायचे होते, तेही पाणवनस्पतींनी भरलेल्या टाकीत.

आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरच्या फरशीवर अडीच टन ठेवले आणि घोड्याचा एक पाय जरासा खचला, तर काचेला पीळ बसतो आणि सांधा उघडतो. म्हणून तेवढ्या जागेची फरशी काढली, मुरूम लागेपर्यंत खोदलं आणि काँक्रीट भरलं. गवंड्यानं नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची लेव्हल धरली. घोडा आणि काच यांच्यामध्ये थर्माकोलचा तक्ता घातला. आमचे तात्या खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "विहिरीवरच्या इंजिनाला एवढा पाया घातला नव्हता. आणि हा मासा खायचाही नाही म्हणता!" भिगवणची चिलापी आवडीनं खाणाऱ्या माणसाला यापुढे काय सांगणार?

खरा प्रश्न पाण्याचा होता. योहान हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकानं १८४० मध्ये या माशाला सिम्फिसोडॉन डिस्कस हे शास्त्रीय नाव दिलं. तो राहतो ते पाणी पावसासारखं मऊ, किंचित आंबट आणि २८ ते ३० अंश उबदार असतं. आमचं पाणी याच्या अगदी उलट. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, त्यानं या भागात ऊस आणला आणि पाण्याचा निचरा नसलेल्या जमिनी हळूहळू क्षारपड, चोपण केल्या. ते क्षार बोअरच्या पाण्यात उतरतात. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हजाराच्या वर, सामूही (पीएच) आठाच्या जवळ. डाळिंबासाठी पाणी तपासून घ्यायची सवय होतीच. तोच अहवाल आम्ही माशांसाठी पुन्हा उघडला. बायकार्बोनेटचा आकडा बघून पुतण्याचा चेहरा उतरला.

कालव्याचं पाणी भाटघर-वीर धरणांकडून, सह्याद्रीतून येतं, त्यामुळे ते बोअरपेक्षा गोडं. पण ते आवर्तनानं येतं, गढूळ असतं आणि वाटेत शेतांवरची औषधं त्यात मिसळायची भीती. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देतो. आठवड्याला ५०० लिटर पाणी बदलायचं तर हजार-दीड हजार लिटर वाया. उन्हाळ्यात टँकर बघितलेल्या घराला हे पटण्यासारखं नव्हतं.

मग नजर स्लॅबवर गेली. आमच्याकडे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हजार चौरस फुटांच्या छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ९३ लिटर पाणी जमतं. गळती-बाष्प वजा केलं तरी वर्षाचे ३५ हजार लिटर हाती लागतात. टाकीची गरज २६ हजारांची. अंगणात हौद होता, तो साफ केला. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं जाळीतून हौदात घ्यायचं. हौद भरून वाहतो तेव्हा बरंचसं निघून जातं, त्यामुळे उन्हाळ्यात आरओ लावावाच लागतो. त्याचं टाकाऊ खारं पाणी नारळांना देतो. नारळाला ते चालतं.

निव्वळ पावसाचं पाणीही टाकीला धोक्याचं. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे सामू धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो एकाएकी घसरतो. म्हणून पाच भाग पाऊस आणि एक भाग बोअर असं मिसळून टीडीएस २०० च्या आसपास ठेवतो, सामू साडेसहा ते सात. शेतातला ईसी मीटर इथं रोज कामाला येतो.

आता सजावट. पुतण्याच्या डोळ्यांपुढे ताकाशी अमानो या जपानी कलावंताची कामं होती. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यानं उभारलेली टाकी ४० मीटर लांब आणि १ लाख ६० हजार लिटरची. ती २०१५ मध्ये खुली झाली आणि त्याच वर्षी तो गेला. त्यातली हिरवी गालिच्यासारखी गवतं पुतण्याला हवी होती. पण तसली बरीच झाडं थंड पाण्यातली, २९ अंशांना सडतात. शिवाय डिस्कस ताटासारखा चपटा आणि उंच. त्याला वावरायला उभी जागा लागते. त्याच्या मूळ मुलखात नदी चढली की रान पाण्याखाली जातं आणि तो बुडालेल्या फांद्या-मुळ्यांत आसरा घेतो. म्हणून गालिचा सोडला आणि लाकडाला मान दिला.

बुडालेलं लाकूड आमच्या उशालाच होतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्यात शिवारंच्या शिवारं गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, काठाला झाडांचे बुंधेही दिसतात. ओळखीच्या मासेमाराला विचारून बाभळीची मुळं आणली. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी येतं, म्हणून ती घासली, उन्हात तापवली आणि बॅरलमध्ये बुडवून ठेवली. बाभळीत टॅनिन भरपूर. कातडं कमवायला तिची साल वापरतात. पाणी चहासारखं व्हायचं थांबेपर्यंत ते बदलत राहिलो. डिस्कसला थोडा चहा मानवतोच.

दगड काळा, खाणीतला. आपल्या बेसाल्टमध्ये चुन्याच्या पांढऱ्या शिरा असतात आणि चुना पाणी जड करतो. म्हणून प्रत्येक दगडावर आणि वाळूच्या मुठीवर ॲसिडचे थेंब टाकून पाहिले. फेस आला तो दगड बांधावर गेला. मुळं डाव्या बाजूला उभी रचली, उजवा अर्धा भाग मोकळा ठेवला. पुढच्या फूटभर पट्ट्यात बारीक वाळूचा पातळ थर, कारण डिस्कस फुंकर मारून वाळूतलं खाणं शोधतात आणि उरलेलं नळीनं रोज ओढून काढावं लागतं. मुळांवर ॲन्यूबिआस आणि जावा फर्न दोऱ्यानं बांधले. मागे ॲमेझॉन सोर्ड, मधे क्रिप्टोकोरिन. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती सह्याद्रीतल्या नद्यांत आपल्या आपण उगवतात. हलवलं की तिची पानं विरघळतात. घाबरून उपटायची नाही, गड्ड्यातून नवी पानं फुटतात.

खताचा भाग आम्हाला सर्वांत सोपा गेला. पाणवनस्पतींच्या खताच्या परदेशी बाटल्यांत असतं ते कृषी सेवा केंद्रात किलोनं मिळतं. डाळिंबाला ठिबकमधून सोडतो ते तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, झिरो-बावन्न-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. सोबत मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड लोह. पण बारा-एकसष्ट आणि एकोणीस-एकोणीस-एकोणीस या पिशव्यांना टाकीजवळ फिरकू द्यायचं नाही. त्यांतला अमोनिया झाडाला चालतो, माशाचे कल्ले जाळतो.

माशांआधी टाकी कोरीच चालवली. टाकीखालच्या गाळणीच्या डब्यात, म्हणजे संपमध्ये, फोम आणि सच्छिद्र खड्यांवर, अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढवायचे होते. थोडा थोडा अमोनिया घालायचा आणि रोज तपासायचं. अमोनिया-नायट्राइट शून्यावर येऊन टिकले, तेव्हा मासे मागवले. लहान वेगळ्या टाकीत ठेवून, आजार नाही अशी खात्री करूनच मोठ्या टाकीत सोडले. डिस्कसना एकटं करमत नाही, मोजकेच असले तर दांडगा मासा दुबळ्याला छळतो. थवा असला की मारामारी वाटली जाते.

तापमानाचा त्रास इथं दोन्हीकडून. जानेवारीच्या रात्री हीटर हवा आणि मे महिन्यात पाणी ३३ कडे धावतं. तेव्हा पाण्यावरून पंखा फिरवून ते खाली आणायचं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून झाडांसाठी लावतात तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतलाच नाही, मंद वाढणारी झाडं निवडली आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाकला. वीज गेली की घरातला टीव्ही बंद पडतो, बुडबुडे चालू राहतात.

बदललेलं पाणी नायट्रेटसकट कढीपत्त्याला आणि भाजीच्या वाफ्यांना जातं. छाटलेली पानं मात्र उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये. टाकीतलं काहीही कालव्यात सोडायचं नाही, हा घरातला कडक नियम. उजनीवर माजलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, आणि मासेमारांच्या जाळ्यांत अडकून ती फाडणारा सकर मासाही तिकडचाच. काचेच्या टाक्यांतून तो आपल्या नद्यांत पोचला.

टाकी बघायला पुतण्याचे मित्र येतात. मासे कुठून आणले आणि किती खर्च आला, हेच प्रश्न आधी. मी त्यांना बोअरचं पाणी तपासायला आणि घराचं छत मोजायला सांगतो. या दोन आकड्यांवरून टाकी किती फुटांची झेपेल ते निघतं. फोटो बघून ठरवली तर निघत नाही. बोअर खारं आणि छत लहान असेल, तर डिस्कसचा नाद सोडून गप्पी पाळा म्हणतो. त्यांना आमचं पाणी आहे तसंच मानवतं.