तांब्याचा फलूस

अहिल्यानगरच्या एखाद्या जुन्या पेढीच्या तिजोरीत तळाशी ओबडधोबड तांब्याचे नाणे निघते आणि पुष्कळदा मोडीच्या तराजूत जाते. ते मुर्तजा निजामशहाचा (१५६५–१५८८) फलूसही असू शकते. दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याचा घाव घालीत. चकती ठशाहून लहान, म्हणून अक्षरे काठाबाहेर राहत. ज्यावर ‘अहमदनगर’ टांकसाळ पुरती वाचता येते, त्याला लिलावात बोली चढते. नुसत्या वयाला भाव नाही. चिंचेने घासून चकचकीत केलेले नाणे जाणकार बाजूला सारतो. पुटाबरोबर किंमतही धुऊन गेलेली असते. अंतिम बोलीवर घेणाऱ्याला शुल्क व कर पडतात, विकणाऱ्याची दलाली कापली जाते; व्यापाऱ्याला हे सांगायला नको. नाणे जमिनीत सापडले असेल, तर मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.