गाण्यांची वाटणी

‘वाटणी’ हा शब्द आमच्या मराठवाड्यांतील माणसाच्या चांगलाच परिचयाचा आहे. ज्या गारखेड्यांत मी गेलीं वीस वर्षें राहतों, तें एके काळीं शहराबाहेरचें खेडेंच होतें. शेतांच्या वाटण्या झाल्या, वाटण्यांचे तुकडे झाले, तुकड्यांचे प्लॉट झाले, आणि आतां सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत घराला घर लागून गेलें आहे. तेव्हां भावाभावांनीं मध्यें बांध घालून घेतलेला पाहून मला नवल वाटत नाहीं. परंतु गाण्यांचीही अशीच वाटणी करून टाकावी असें कोणी म्हणूं लागलें म्हणजे मात्र मी थबकतों.

असें म्हणणारे गृहस्थ माझे एक तरुण सहाध्यापक आहेत. विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानाभोंवतीं आम्ही चार-पांचजण संध्याकाळीं फिरावयास जातों. नभोवाणी हा आमच्या शहराला नवा विषय नव्हे. निजामी अमलांत येथें केंद्र होतें आणि १९५० सालीं तें ऑल इंडिया रेडिओकडे आलें. त्या दिवशीं रेडिओचा विषय निघतांच आमचे मित्र म्हणाले, “सर, एकाच केंद्रावर आधीं नाट्यगीत, मग कोळीगीत, मग सिनेमांतलं गाणं, मग अभंग, ही खिचडी आतां पुरे झाली. अमेरिकेंत पाहा. तिकडच्या ग्रामीण संगीताचीं सुद्धां जुन्या गाण्यांचीं केंद्रं निराळीं आणि नव्या गाण्यांचीं निराळीं. मराठींतही भावगीत-नाट्यगीतांची एक वाहिनी असावी, लोकगीतांची दुसरी, आणि तरुणांच्या नव्या गाण्यांची तिसरी. ज्याला जें हवं तें त्यानं ऐकावं. दुसऱ्याच्या आवडीची शिक्षा त्यानं कां भोगावी?”

युक्तिवाद बिनतोड होता. मीं उत्तर दिलें नाहीं. कारण हाच युक्तिवाद दोन वर्षांपूर्वीं मीं स्वतःच्या घरांत केला होता, आणि अमलांतही आणला होता.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतों, ते आज ८८ वर्षांचे आहेत. पैठणजवळच्या एका खेड्यांत त्यांनीं उभा जन्म प्राथमिक शिक्षकाचें काम केलें. नाट्यसंगीत म्हणजे त्यांचा जीव कीं प्राण. बैठकींतल्या रेडिओवर तें सुरू झालें कीं माझी मुलगी दार लावून घेई, आणि तिनें आपलें गाणें लावलें कीं नाना काठी टेकीत बाहेर येत व विचारीत, “हें गाणं आहे कीं भांडण?” ती म्हणे, “आजोबा, तुमचा गवई एकच शब्द दहा वेळां कां म्हणतो? पहिल्यांदा कोणाला ऐकूं आलं नाहीं म्हणून?” माझ्या पत्नीला स्वयंपाक करतांना अभंग हवे असत, आणि या दोघांच्या वादांत तिचे अभंग मुळींच ऐकूं येत नसत. रोजच्या या कटकटीला कंटाळून मीं नानांसाठीं एक पेटी आणली. जुन्या गाण्यांनीं काठोकाठ भरलेली अशी पेटी हल्लीं पुष्कळ घरीं दिसते. कळ दाबली कीं आपल्या आवडीचीं गाणीं एकामागून एक लागतात. मुलीला कानांत घालावयाचें यंत्र आणून दिलें. पत्नीनें आपला मोबाईल ओट्यावर ठेवला. तिघांच्या तीन वाहिन्या झाल्या, घर शांत झालें, आणि मला माझ्या शहाणपणाचें कौतुक वाटलें.

हा शहाणपणा अर्थात् माझ्या एकट्याचा नव्हे. १९५२ सालीं डॉ. बा. वि. केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे कट्टे अभिमानी होते, आणि सिनेसंगीतानें लोकांची अभिरुचि बिघडते असें त्यांचें ठाम मत होतें. त्यांच्या कारकीर्दींत चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. परिणाम असा झाला कीं अभिरुचि होती तेथेंच राहिली आणि श्रोते तेवढे उठून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि घरोघरच्या रेडिओचा कांटा समुद्रापलीकडे फिरला. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ निघाली. म्हणजे थोरल्या घरांतील भांडणाचा निकाल वाटणीनेंच लागला. पुढें २०१६ सालीं शास्त्रीय संगीतासाठीं ‘रागम्’ ही स्वतंत्र वाहिनीही सुरू झाली. यांत कोणाचें नुकसान झालें असें मला वाटत नाहीं. ज्यांना रात्रीं दोन वाजतां दरबारी ऐकावासा वाटतो, त्यांनीं तो कां ऐकूं नये?

पण त्याच काळांतली दुसरी गोष्टही आठवते. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीला, पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालें. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे सूर, आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणें ५६ गीतें. तें भक्तिसंगीताच्या निराळ्या वाहिनीवर लागलें नव्हतें. जें केंद्र बातम्या सांगे, तेंच हीं गीतें ऐकवी. म्हणून जो मनुष्य मुद्दाम ऐकावयास बसला नव्हता, त्याच्याही कानावर तीं पडलीं. आणि हेच माडगूळकर चित्रपटांसाठीं फक्कड लावण्याही लिहीत! आमच्या मित्रांच्या योजनेप्रमाणें या एका माणसाला आपण किती वाहिन्यांत विभागणार? प्रल्हाद शिंदे यांच्या बाबतींत तर अडचण आणखीच मोठी. ज्या गळ्यांतून विठ्ठलाचीं गाणीं निघालीं, त्याच गळ्यांतून भीमगीतें निघालीं आणि कव्वाल्याही निघाल्या. आमच्या पैठणच्या नाथांची गोष्ट तर सांगावयासच नको. त्यांच्या भारुडांत वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, आणि जो तो आपापल्या बोलींत बोलतो.

मित्रांनीं अमेरिकेचा दाखला दिला, म्हणून तिकडेही पाहूं. नॅशव्हिल शहरांत १९२५ सालीं सुरू झालेला ग्रामीण गाण्यांचा कार्यक्रम प्रसिद्धच आहे. केवळ या संगीताला वाहिलेलीं केंद्रें १९६१ सालीं तेथें ऐशींच्या आसपास होतीं. तें दशक संपतां संपतां तीं सहाशेंच्या वर गेलीं. वेगळें निघाल्यानें त्या संगीताची भरभराट झाली, हें मला मान्य आहे. परंतु या वेगळेपणाचा आरंभ मला अस्वस्थ करतो. १९२० नंतरच्या दशकांत ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांनीं दक्षिणेकडील संस्थानांत गाणारीं-वाजविणारीं माणसें शोधून काढलीं. गोरे आणि काळे वादक एकाच मुलखांत राहत, एकमेकांच्या चाली उचलीत. पण विक्रीच्या सोयीसाठीं याद्या दोन झाल्या. गोऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका एका नांवाखालीं, काळ्यांच्या दुसऱ्या. नॅशव्हिलच्या त्याच कार्यक्रमांत पहिल्या वर्षांत डीफोर्ड बेली हा काळा तोंडपेटीवादक लोकांचा अत्यंत आवडता होता. तरीही पुढें पुष्कळांची अशी समजूत होऊन बसली कीं हें संगीत मुळापासून एकट्या गोऱ्यांचेंच! फडताळाच्या सोयीसाठीं बाटल्यांवर चिठ्ठ्या डकविल्या, आणि कालांतरानें लोक चिठ्ठीलाच औषध समजूं लागले.

इतकें लिहिल्यावर वाचकांना वाटेल कीं मी वाटणीच्या विरुद्ध कौल देणार. पण एक जुनी आठवण मला तसा कौल सुखासुखीं देऊं देत नाहीं.

गोष्ट १९८० च्या सुमाराची. मी दहा-अकरा वर्षांचा होतों. गांवांतल्या आमच्या घरीं एकच रेडिओ होता. तो फळीवर, आईनें विणलेल्या रुमालाखालीं विराजमान असे, आणि त्याचा कान पिळण्याचा अधिकार एकट्या नानांचा. संध्याकाळीं परभणी केंद्रावर लोकगीतें लागलीं कीं नाना उठून तो बंद करीत. त्या दिवशीं अंगणांत एक गडी लांकडें फोडीत होता. गाणें सुरू झालें. नाना नेहमींप्रमाणें उठले. तोंच बाहेरून आवाज आला, “गुरुजी, जरा ऱ्हाऊं द्या कीं. आमचं गाणं लागलंय.”

गाणें बाबासाहेबांवरचें होतें. त्या गड्यानें कुऱ्हाड बाजूला ठेविली होती, डोक्याचें मुंडासें नीट केलें होतें, आणि शाळेंत प्रार्थनेला मुलें उभीं राहतात तसा तो ताठ उभा होता. नानांचा हात रेडिओवर तसाच राहिला. तीन-चार मिनिटांत गाणें संपलें; तो काहीं न बोलतां पुन्हां कामाला लागला. रात्रीं जेवतांना नाना आईला म्हणाले, “पंधरा वर्षं झालीं आपल्याला या गांवांत. त्याचं गाणं कोणतं, हें मला आज कळलं.”

पुष्कळ वर्षें मी ही गोष्ट एकत्र रेडिओच्या स्तुतीसाठीं सांगत आलों. रेडिओ एकच होता म्हणून त्याचें गाणें आमच्या घरांत आलें, असें मी विद्यार्थ्यांनाही सांगितलें आहे. अलीकडे मात्र या गोष्टीची दुसरी बाजू मला टोंचूं लागली आहे. त्या गड्याला स्वतःचें गाणें ऐकावयासाठीं ‘गुरुजी, ऱ्हाऊं द्या’ अशी विनंति करावी लागली. कान पिळणारा हात आमचा होता. ज्या एकत्र कुटुंबांत कर्ता ठरवील तेंच शिजतें, त्यांतून धाकट्यांनीं वेगळें निघावें असें म्हटलें, तर त्यांना दोष कसा द्यावा? त्याच्या खोपटांत त्याचा रेडिओ असता, आणि त्यावर त्याच्या गाण्यांची वाहिनी असती, तर त्याला कोणाकडे तोंड वेंगाडावें लागलें नसतें. त्याचें कांहींच अडलें नसतें. अडाणी राहिलों असतों ते आम्ही.

म्हणून सहाध्यापकांना द्यावयाचें राहिलेलें उत्तर येथें देतों. वाहिन्या वेगळ्या जरूर निघाव्या; आणि ज्यांच्या वांट्याला आजवर संध्याकाळचीं पंधरा मिनिटेंच आलीं, त्यांच्या आधीं निघाव्या. परंतु आमच्याकडे शेताची वाटणी करतांना पंच एक गोष्ट ध्यानांत ठेवतात. जमीन वाटली, बैल वाटले, भांडींकुंडीं वाटलीं, तरी विहीर आणि वाट सामाईक ठेवतात. विहिरीवर प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. त्यांत थोरल्याची दोन आणि धाकट्याची अर्धी असा प्रकार चालत नाहीं. मराठी गाण्यालाही अशी एक सामाईक वाहिनी असावी. तिच्यावर ज्याची त्याची पाळी यावी, आणि आपली पाळी येईतोंपर्यंत दुसऱ्याचें गाणें ऐकावें.

गेल्या महिन्यांत एका रात्रीं वीज गेली होती. नाना आपल्या खोलींतून बाहेर येऊन ओसरीवर माझ्याजवळ बसले. मीं विचारलें, “काय नाना, पेटी बिघडली का?”

“नाहीं रे,” ते म्हणाले, “पेटी चांगली आहे. पण तिच्यांत सगळीं माझींच गाणीं आहेत. ‘हें काय लावलंयस’ असं कोणाला म्हणायचं?”

दुसऱ्या दिवशीं मीं जुना रेडिओ जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. रात्रीं आठ ते नऊ. रोज एकाची पाळी. गेल्या गुरुवारीं मुलीची पाळी होती. तिनें लावलेल्या केंद्रावर कोणी तरुण अत्यंत जलद गतीनें कांहीं म्हणत होता. नानांचा हात सवयीनें पुढें गेला. “आजोबा, राहूं द्या ना!” ती म्हणाली. माझ्या घशांतला घांस क्षणभर तसाच राहिला. पण नाना आतां ८८ वर्षांचे आहेत; त्यांनीं रेडिओ खुशाल बंद केला आणि म्हणाले, “आधीं तो काय म्हणतोय तें मला सांग.” तिनें चिडत चिडत चार ओळींचा अर्थ सांगितला. नानांनीं लक्षपूर्वक ऐकून घेतला. “म्हणजे पोवाडाच म्हण कीं,” ते म्हणाले, “पण याला दम पुरत नाहीं.” मग त्यांनीं रेडिओ पुन्हां लावला, तोंवर गाणें संपून गेलें होतें. त्यावरून दोघांचें जें जुंपलें तें नऊ वाजले तरी संपेना. भाजी निवून गेली. पण ती पुन्हां गरम करावी असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.