कारीट

नरकचतुर्दशीच्या पहाटे, फराळाच्या ताटाला हात लावण्यापूर्वी, कारिटाचा कडू रस जिभेला लावण्याची चाल ज्याने पाडली तो माणूस मोठा मार्मिक असला पाहिजे. आमच्या तळकोकणात ही चाल अजून आहे. उटणे लावून आंघोळ झाली की ओलेत्याने तुळशीपुढे यायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने ते सुपारीहून थोडे मोठे हिरवे फळ फोडायचे, त्याचा रस जिभेला आणि बी कपाळाला लावायची, आणि मग पोह्यांच्या पंगतीला बसायचे. मुलांना हा प्रकार मुळीच आवडत नाही. मलाही आवडत नसे. पण आता पन्नाशीकडे झुकल्यावर वाटते, त्या कडूपणावाचून आमची दिवाळी कधी सुरूच झाली नसती.

२०२३ सालची चतुर्दशी मी लंडनमध्ये साजरी केली, आणि त्या दिवशी मला कारीट मिळाले नाही. त्याऐवजी जे मिळाले त्याची ही हकीकत. ती लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. दिवाळी अंक घरातली आजीही वाचते अन् नातही वाचते, आणि हकीकत तर आहे बिअरच्या एका घोटाची! पण माझ्या आईने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. तेव्हा वाचकही ऐकून घेतील असा मला भरवसा आहे.

माझे वडील १९९१ साली गेले. मोटारदुरुस्तीचे काम करीत. हाताला मोठा गुण होता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखीत. पण दिवस मावळला की त्यांचे पाय वहाळापलीकडच्या एका खोपटाकडे वळत. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेली ती हातभट्टीची दारू. ती चाखायची नसतेच. डोळे मिटून घशाखाली लोटायची असते. मी दहा वर्षांचा असताना एका चतुर्दशीला ते पहाटेपर्यंत घरी आलेच नाहीत. आई उटण्याची वाटी घेऊन न्हाणीच्या दाराशी बसून राहिली. शेवटी कंदील घेऊन मी निघालो, तर वहाळाच्या काठी ते आडवे झालेले. त्यांना उठवायचे बळ माझ्या अंगात नव्हते. मी परत आलो. आईने काही विचारले नाही. माझ्याच अंगाला उटणे लावले आणि म्हणाली, ‘‘आज कारीट तू फोड.’’ घरातल्या कर्त्या पुरुषाने पहिले कारीट फोडायचे असते. त्या वर्षीपासून ते मीच फोडीत आलो आहे.

वडील गेल्यावर तेराव्या दिवशी आईने मला तुळशीपुढे उभे केले, आणि थेंबभरही तोंडाला लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. माझा धाकटा भाऊ बाबू तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला शपथ म्हणजे काय हे कळायचे नव्हते. तेव्हा त्याच्या वाट्याची शपथही मीच घेतली.

पुढे मी मॅट्रिक झालो आणि थांबलो. चित्रकलेची पदविका घेऊन ड्रॉइंगमास्तर झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो, पण घर चालले ते खडूच्या डब्यावर. बाबूने मात्र शिकावे, खूप शिकावे, असे मला वाटे, आणि तो शिकलाही. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झाला, विलायतेला गेला, तिथे एका प्रयोगशाळेत लागला. गावात आमची मान ताठ झाली. अन् २०१८ साली एका रविवारी त्याचा फोन आला. प्रयोगशाळा सोडून तो एका लहानशा ब्रुअरीत लागला होता, बिअर बनवायला!

आईने फोन हातात घेतला आणि एवढेच म्हणाली, ‘‘ज्या दारवेन तुझ्या बापाशीक खाल्ल्यान, तिचीच चाकरी करतलंस?’’

त्यानंतर तिने बाबूशी बोलणे सोडले असे नाही. ‘‘जेवलंस मां?’’ हे ती दर रविवारी विचारी. पण तो काय काम करतो, हे तिने पुन्हा एकदाही विचारले नाही. शेजारीपाजारी कुणी चौकशी केली, तर ‘‘रसायनाच्या कारखान्यात असा,’’ म्हणून सांगे. मीही मनातून रागावलो होतो. आईचा राग दारूवर होता. माझा राग थोडा अधिक क्षुद्र होता. ज्याच्यासाठी मी मॅट्रिकवर थांबलो, त्याने माझीच शपथ मोडली असे मला वाटे.

पाच वर्षांनी बाबूने तिकीट पाठवले. दिवाळीची सुट्टी होती. आईने फराळाचे डबे भरले, उटण्याची पुडी दिली, आणि काही न बोलता पिशवीत आणखी एक पितळी डबा ठेवला. त्यात नाचणीचे सत्त्व होते. लहानपणी बाबू त्याच्यावरच वाढलेला.

चतुर्दशीला रविवार होता. पहाटे आम्ही दोघा भावांनी एकमेकांच्या पाठीला उटणे लावले आणि त्या इवल्याशा न्हाणीघरात उरकून घेतले. फराळाला बसलो तेव्हा बाबू म्हणाला, ‘‘दादा, सगळे मिळते इथे. फक्त कारीट मिळत नाही.’’ चिवडा उत्तम होता, चकलीही खुसखुशीत होती. पण काहीतरी चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहिले खरे.

दुपारी तो मला आपली ब्रुअरी दाखवायला घेऊन गेला. नाही म्हणवेना. थेम्स नदीच्या दक्षिणेला बर्मंडसी नावाचा भाग आहे. तिथून १८३६ सालचा जुना रेल्वेमार्ग जातो, तोही जमिनीवरून नव्हे, तर विटांच्या कमानींवरून. मूळच्या मार्गाला अशा ८७८ कमानी होत्या! वरून आगगाड्या धडधडत जातात आणि खाली कमानींच्या पोटात कुणी पाव भाजतो, कुणी चीज विकतो, कुणी गाड्या दुरुस्त करतो. गेल्या दहापंधरा वर्षांत तिथे लहान लहान ब्रुअऱ्या दाटीने उभ्या राहिल्या आहेत. बाबूची त्यांतलीच एक. रविवारी ती बंद होती. त्याने कुलूप काढले, दिवा लावला, आणि मी नाकाला रुमाल लावायच्या तयारीने आत शिरलो.

पण तो वास आलाच नाही. मी ज्याला चौदा वर्षे भ्यालो होतो, तो आंबूस, उग्र वास तिथे नव्हता. वास होता तो भाजल्या धान्याचा. मृगाच्या तोंडावर घरात पीठकुटाची गडबड चालते तसा.

बाबूने एका पोत्यात हात घातला आणि चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. ‘‘चावून बघ. जव आहेत.’’

दाणा दातांखाली फुटला आणि तोंडभर गोडवा पसरला. ही चव मी कुठेतरी घेतली होती. बाबू माझ्या तोंडाकडे बघत हसत होता.

‘‘अरे, हे तर आईचे सत्त्व!’’ मी म्हणालो.

‘‘तेच की! आई नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते आणि दळते. इथे जव भिजवतात, मोड आणतात, भट्टीवर वाळवतात. मोड आला की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. शिकायला गेलो तेव्हा याचे इंग्रजी नाव पहिल्यांदा ऐकले. काम मात्र मला सहाव्या वर्षापासून येत होते. पुरचुंडीवर पाणी शिंपडायला आई मलाच बसवीत असे.’’

दुसऱ्या पोत्यातले दाणे तपकिरी होते, तिसऱ्यातले चॉकलेटी, चौथ्यातले कोळशासारखे काळे. ड्रॉइंगमास्तराला ती पोती म्हणजे रंगांची पेटीच वाटली. काळा दाणा चावला तर करपल्या भाकरीचा अन् कॉफीचा कडूपणा. असे दाणे करपू न देता काळे भाजायची फिरत्या पिंपाची युक्ती डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने १८१७ साली काढली. बिअरमध्ये हे दाणे थोडेच घालतात, पण सगळा रंग तेच देतात. मोड आलेले दाणे कढत पाण्यात भिजवून गोड रस काढायचा, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून तो उकळायचा, निववायचा, आणि मग यीस्टच्या स्वाधीन करायचा. नेहमीच्या बिअरला जेवढे धान्य लागते त्याच्या दुपटीहून अधिक घातले की होते ती इंपीरियल स्टाउट. साध्या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा चार-पाच. हिच्यात नऊपासून बारापर्यंत.

या नावाचीही एक गंमत आहे. बर्मंडसीपासून पश्चिमेला थोडे चालत गेले की सदर्क लागते. तिथे अठराव्या शतकात थ्रेल नावाच्या गृहस्थांचा प्रचंड बिअरचा कारखाना होता. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या दरबारासाठी तिथून अशी जहाल, काळी बिअर जहाजाने जाई, वर्षानुवर्षे टिके. त्या राजदरबाराच्या संबंधानेच तिला पुढे ‘इंपीरियल’ हे बिरुद चिकटले. पण मला अप्रूप वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. इंग्रजी भाषेचा १७५५ सालचा तो विख्यात कोश रचणारे डॉ. जॉन्सन हे या थ्रेल कुटुंबाचे स्नेही. त्यांच्या घरी जॉन्सनसाठी एक खोली राखून ठेवलेली असे. १७८१ साली थ्रेल वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्यांत हे कोशकार होते. कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला त्या व्यवहारात त्यांनी मोठ्या उत्साहाने भाग घेतला. शब्दांच्या माणसाला पिंपांचा हिशेब करावा लागला! कारखाना नंतर दोनशे वर्षे टिकला. १९८१ साली तो पाडला गेला.

एवढे सांगून झाल्यावर बाबू आतून एक लहान बाटली घेऊन आला. तिच्यावर त्याच्या अक्षरात २०१८ असे लिहिलेले होते.

‘‘दादा, मी स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली. सगळ्या संपल्या. एक ठेवली होती.’’

‘‘कुणासाठी?’’ मी उगाचच विचारले.

तो काही बोलला नाही. माझ्या मनात आले, आमच्या वडिलांची दारू एक रात्रसुद्धा थांबू शकत नव्हती. हा पोरगा पाच वर्षे थांबला होता.

‘‘संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला बसायचे आहे रे,’’ मी म्हणालो.

‘‘एकच घोट. कारीट समज.’’

मी शपथेचा विचार केला. खरोखरच केला. वहाळाचा काठ डोळ्यांपुढे आला, उटण्याची वाटी आली. पण समोर उभा होता तो वहाळाकाठचा माणूस नव्हे. आपली वही तपासायला आणून मास्तरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलेला तो विद्यार्थी होता. अशा वेळी वही न उघडताच परत करणारा मास्तर मी कधी झालो नाही.

त्याने लहानशा पेल्यात दोन बोटे ओतली. रंग काळा; वर तपकिरी फेस, नव्या कातड्याच्या वहाणेसारखा. मी पेला दिव्यापुढे धरला. मुलांना मी नेहमी सांगतो, नुसता काळा असा रंग नसतो, नीट बघा. तसेच निघाले. काठाशी गडद तांबडा रंग होता, पिकल्या करवंदाच्या रसासारखा. ‘‘हातात धरून थोडा ऊबदार होऊ दे,’’ बाबू म्हणाला. मग वास आला. काकवीचा, कॉफीचा, जुन्या मनुकांचा.

घोट जिभेवर घेतला. आधी दाट गोड, गूळ करपता करपता उतरवलेल्या पाकासारखा. मग भाजल्याचा कडूपणा, मग हॉप्सचा दुसराच, हिरवट कडूपणा, आणि गिळल्यावर घशात मंद शेक. कडू राहिला तो शेवटपर्यंत राहिला. पण तो कडूपणा मला परका वाटला नाही. तोंडाची चव कितीतरी वेळ बदलत होती, अन् मी गप्प बसून तिच्याकडे लक्ष देत होतो. वडिलांनी अशी एक तरी गोष्ट कधी चाखली असेल का, असे मनात आले आणि डोळे भरून आले. ते प्यायचे ते काही कळू नये म्हणून. हा मुलगा मला प्यायला सांगत होता ते काही कळावे म्हणून.

याचा अर्थ दारू चांगली, असा कुणी काढू नये. मीही काढला नाही. शेकडा अकराची ती बिअर शेवटी दारूच. दुसरा पेला तिसऱ्याला बोलावतो हे आमच्या घराइतके कुणाला ठाऊक? मी दुसरा घोट घेतला नाही, आणि त्यानंतर आजवर घेतलेला नाही. बाबूने आग्रह केला नाही. त्याने विचारले एवढेच, ‘‘कशी आहे?’’

‘‘कडू आहे,’’ मी म्हणालो, ‘‘पण भाजणी जळलेली नाही.’’

तो एवढा मोठ्याने हसला की कमानीखाली आवाज घुमला. बाहेर काळोख पडला होता. घरी येऊन मी पुन्हा आंघोळ केली आणि मगच पूजेला बसलो.

निघताना बाबूने आईचा पितळी डबा परत दिला. आपल्याकडे डबा रिकामा परत करीत नाहीत. त्याने तो मोड काढून वाळवलेल्या जवांनी भरला होता.

घरी पोचलो त्या रात्री मी आईला सारे सांगितले. शपथ मोडल्याचेही सांगितले. ती पडवीत बसली होती. रागावली नाही, रडली नाही. बराच वेळ काळोखात तुळशीकडे बघत राहिली. मी तो डबा तिच्यापुढे ठेवला. तिने झाकण काढले, वास घेतला, एक दाणा उचलून दातांखाली धरला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा विचारले, ‘‘मोड किती दिसांचे काढता तो?’’

‘‘पाच,’’ मी म्हणालो.

‘‘आमका दोन पुरतत.’’ तिने आणखी एक दाणा तोंडात टाकला. ‘‘थंडयेचो मुलूख मां तो. लागतले.’’