नवे रक्त, नाजूक पोट

आमच्या मुलीच्या मूलपेशी-प्रत्यारोपणाला या महिन्यात एक वर्ष पूर्ण झाले. या काळात शाळेने, विश्वस्त मंडळींनी आणि तिच्या वर्गाने दिलेली साथ आम्ही विसरणार नाही. "आता तर ती बरी झाली, मग तिचा डबा वेगळा का?" असे मुले विचारतात. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

तिच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणे थांबले होते. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. सुदैवाने तिच्या दादाच्या जुळल्या. तीव्र औषधे देऊन शरीराची तयारी केली आणि त्या पेशी रक्तासारख्या शिरेतून दिल्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली असे प्रत्यारोपण झाले होते, हे वाचून आम्हाला धीर आला होता.

पहिला फटका बसला तो तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अस्तराला. फोडांमुळे घोटभर पाणीही गिळवेना. यकृतातील बारीक शिरा तुंबण्याची भीती असते, म्हणून रोज वजन आणि पोटाचा घेर मोजत. पुढे पांढऱ्या पेशी वाढू लागल्या आणि गंगेत घोडे न्हाले असे आम्हाला वाटले.

पाचव्या आठवड्यात पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. नर्स प्रत्येक जुलाब मिलिलिटरमध्ये मोजून लिहीत. दादाच्या पेशींना बहिणीचे आतडे परके वाटत होते. याला 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज' म्हणतात. जंतुसंसर्गातही अशीच लक्षणे दिसतात. पण एकात प्रतिकारशक्ती दाबावी लागते, तर दुसऱ्यात तीच हवी असते. म्हणून दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला, मग स्टिरॉइड सुरू केले. कित्येक दिवस अन्न शिरेतूनच दिले. नंतर चमचा-चमचा पेज.

"माझ्यामुळे तिला त्रास झाला का?" असे दादाने विचारले. आम्ही म्हटले, "बाळा, तुझ्या पेशी राखणदार आहेत. नव्या घरची माणसे ओळखायला त्यांना वेळ लागतोय, इतकेच."

आता ती जेवते, पण ताजे आणि पूर्ण शिजलेलेच. आपल्या इंदूरच्या पोह्यांवरचा कच्चा कांदा, बाहेरची चटणी, उघड्यावरचा प्रसाद डॉक्टरांनी अजून वर्ज्य सांगितला आहे.

मुलांनो, तिला डब्यातले देऊ नका, पण शेजारी बसून जरूर जेवा. पालकहो, मुलाला ताप, जुलाब किंवा कांजिण्या असतील तर घरीच ठेवा आणि शाळेला कळवा. प्रत्यारोपणानंतर लहानपणीच्या लशींचे संरक्षण ओसरते. तिच्या लशी पुन्हा नव्याने द्यायच्या आहेत. तोवर तुमच्या मुलांच्या वेळेवर घेतलेल्या लशी हेच तिचे कवच.

आणखी एक विनंती. सर्वांनाच घरात दाता मिळत नाही. तरुण, निरोगी पालकांनी मूलपेशी-दाता म्हणून नाव नोंदवावे. त्यासाठी गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना पुरतो.

— पाचवीतील एका विद्यार्थिनीचे आई-बाबा