ताप नसला तरी…

घरातील वृद्धांना ताप नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. ही निर्धास्ती कधी कधी घातक ठरते.

जंतूंची पहिली चाहूल शरीराला कशी लागते, याचा उलगडा अमेरिकेतील ब्रूस ब्यूटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली केला. काही उंदरांना जंतूंच्या आवरणातील विषाची बाधाच होत नसे. त्यांच्या एका जनुकात दोष होता. मात्र काही जिवंत जंतूंना तेच उंदीर चटकन बळी पडत. दाह उत्पन्न करणारी ही धोक्याची घंटाच आपल्याला जगवते. या क्षेत्रातील कार्यासाठी २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे ब्यूटलर एक मानकरी ठरले. हीच प्रतिक्रिया बेताल होऊन स्वतःच्या अवयवांना इजा करू लागली, की त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात.

वार्धक्यात ही घंटा तापाच्या रूपानेच वाजेल असे नाही. माझ्या सासूबाईंना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तेव्हा अंग गार होते. पण त्या मला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. तेवढ्या खुणेवरून त्यांना रुग्णालयात नेले आणि वेळीच उपचार मिळाले.

आपणही थर्मामीटरसोबत घड्याळ हाताशी ठेवावे. स्वस्थ बसलेल्या व्यक्तीचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. संसर्गाची शंका असताना ते २२ वा अधिक भरले, अचानक भ्रम किंवा गुंगी आली, लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.