11 जीबी

4 टीबीच्या पेटीत 11 जीबी म्हणजे पोत्यातल्या दोन-तीन मुठी. फोनवर अर्धा तास फोर-के चित्रण केलं की साधारण तेवढी जागा जाते. जागा हवी म्हणून आमच्याकडून नेमकं तेवढंच गेलं, आणि ते अजून घशाखाली उतरत नाही.

आम्ही सारोळ्याचे. गावाशेजारून हायवे, नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ, सातारा जिल्हा. 2019 साली मी घरात नॅस बसवला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवायची पेटी. 4-4 टीबीच्या दोन डिस्क, एकीचं प्रतिबिंब दुसरीत. म्हणजे जागा एकीचीच, आणि तीही 3.6 दिसते. कंपनी हजारानं मोजते, यंत्र 1024 नं, एवढंच. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो-व्हिडिओ रात्री आपोआप त्यात उतरायचे.

त्यातच आत्याच्या ओव्या होत्या. 2016 मध्ये तिच्या पडवीत बसून मी त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, जवळपास 11 तास. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचं वाचलं होतं, तेव्हाच मनात आलं होतं की आपल्या घरातली तरी एक बाई राहायला नको.

श्रावणात फोल्डर आवरताना 'आत्या ओव्या' दोनदा दिसलं. जास्त जागा खाणारं मी काढून टाकलं. वाटलं, दुसरी प्रत आहेच.

गौरींच्या आदल्या दिवशी पेटी भरली. लग्नाचं कच्चं चित्रण, 600 जीबी, पुसलं. रीसायकल बिनही रिकामा केला. मोकळी जागा होती तेवढीच. पुन्हा पुसलं, तरी तेच. माझा संताप झाला. विकत घेतलेली वस्तू, तिच्यातली माझीच फाइल मी पुसतोय, आणि ती सोडत नाही!

कारण स्नॅपशॉट. पेटी रोज रात्री सगळ्याची त्या क्षणाची नोंद ठेवत होती. नोंद जिवंत असेपर्यंत तिच्यातली फाइल डिस्कवरून हलत नाही, वरून दिसेनाशी होते फक्त. ज्यांच्याकडून पेटी घेतली, त्यांच्या माणसानं पुण्याहून दूरवरूनच जोडणी केली. "सर, जुने स्नॅपशॉट आहेत, काढून टाकू?" मी विचारलं, "त्यात काय असतं?" "काही नाही, तुम्ही डिलीट केलेलंच." मी म्हणालो, "काढा." दहा मिनिटांत सगळे गेले आणि थोड्या वेळात जागा मोकळी दिसू लागली. मी त्याचे आभार मानले.

तुम्ही डिलीट केलेलंच. या तीन शब्दांवर मी किती रात्री जागा राहिलो! तो खोटं बोलला नव्हता.

पितृपक्षात आत्याचं वर्षश्राद्ध. तिचा आवाज सगळ्यांना ऐकवावा म्हणून फोल्डर उघडलं, तर उरलेली प्रत एमपी3 होती. कधीकाळी एका ओळखीच्याकडून 'आवाज साफ' करून घेतलेली. त्या साफसफाईत यंत्रानं जात्याची घरघर म्हणजे कचरा धरला होता. आत्या गातेय, पण हवेत गातेय. मूळ प्रत श्रावणातल्या स्नॅपशॉटमध्ये सुखरूप होती, मी "काढा" म्हणेपर्यंत. ज्या हट्टाला मी शिव्या घातल्या, तो हट्ट ओव्या राखत होता. मोकळ्या झालेल्या त्या जागेवर रात्रीतून विसर्जनाचे व्हिडिओ लिहिले गेले असणार. माहितगारांनी पाहून हात टेकले.

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी आता भेटेन तिथं सांगतो. एकीवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. तिसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. आमची आता भोरला चुलत्यांकडे असते. स्नॅपशॉट काढायचाच तर आधी उघडून बघा, एकेक, जुन्यापासून. आणि फोल्डरचं नाव सारखं म्हणून आतलं सारखं समजू नका. तरी खरं सांगतो, पेटी पुन्हा 90 टक्क्यांवर आली की त्या स्नॅपशॉटांचाच राग येतो.

श्राद्धाच्या दिवशी आतेबहीण थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "दादा, जातं कुठंय रे?" पुतण्याला वाटलं ती वस्तूच शोधतेय. "आत्याबाई, जातं पडवीत आहे की. काका, आवाज पुन्हा घेऊ आणि खाली जोडून टाकू." मी त्याच्यावर खेकसलो. आत्याची ओळ संपत आली की खुंटा मंद व्हायचा, घास टाकताना तिचा श्वास तुटायचा. हे दोन्ही एकाच हातातून येत होतं. आता कुणी कसं जोडायचं?

दिवाळीनंतर मी एकटाच तिच्या पडवीत गेलो. बहिणीला जातं ओढायला बसवलं, दोन मुठी ज्वारी घातली. 4 मिनिटं, 70 एमबी. ती फाइल तिन्ही ठिकाणी ठेवली आहे. जोडलेली नाही.