हरबोल्यांचे देणे

झाशीच्या किल्ल्यावर गेलेल्या प्रत्येकाला तटावरची ती जागा दाखवतात, जिथून राणीने मुलाला पाठीशी बांधून घोडा उडवला असे म्हणतात. पाहणाऱ्याला ती कथा आधीच ठाऊक असते. इतिहासाचे जाड ग्रंथ किती जण वाचतात? ही कथा घरोघरी नेली ती गाण्याने.

१८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईला वीरमरण आले. त्यानंतर बुंदेलखंडातले हरबोले तिची कीर्ती गावोगाव गात फिरले. दारोदार गाऊन पोट भरणारी ही माणसे. पुढे सुभद्राकुमारी चौहान यांनी ‘झांसी की रानी’ लिहिली, तेव्हा ही कहाणी हरबोल्यांच्या तोंडून ऐकल्याचे त्यांनी ध्रुपदातच सांगितले. ती कविता शाळाशाळांतून पाठ झाली. मराठीत भा. रा. तांबे यांनी राणीच्या समाधीवर लिहिलेले गीत लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेतील स्त्रियांच्या पलटणीला राणीचेच नाव दिले. नंतर चित्रपट आले, मालिका आल्या.

कवींची नावे पुस्तकांवर राहिली. हरबोल्यांना मात्र ध्रुपदातला तेवढा एक शब्द मिळाला. मुलांकडून ती कविता म्हणून घेताना त्या शब्दाचा अर्थही त्यांना जरूर सांगावा.